वेल्ह्याच्या बांधावर अमेरिकेचा पेपर

पावसाळा सुरू झाला की पुण्यातल्या प्रत्येक ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एकच चर्चा असते. या वीकएंडला कुठे? लोणावळ्याला ट्रॅफिक, सिंहगडावर जत्रा, ताम्हिणीत सेल्फीवाल्यांची रांग. मग कुणीतरी म्हणतं, ‘चला, भोर-वेल्ह्याला.’ कात्रजचा बोगदा ओलांडला, खेड-शिवापूरचा टोलनाका मागे पडला, की हवेतला गारवा बदलतो, भाताची खाचरं दिसायला लागतात आणि मोबाईलची रेंज हळूहळू अंग काढून घेते. म्हणजे वीकएंड सुरू!

या वेळी माझ्या सॅकमध्ये मात्र रेनकोट, चकल्या आणि पॉवर बँक यांच्यासोबत आणखी एक चीज होती. १२८ प्रश्नांचा प्रिंटआउट. प्रश्न अमेरिकेच्या राज्यकारभारावरचे. माझी मामेबहीण न्यू जर्सीतल्या एडिसनला असते. बारा वर्षं झाली. आता ती अमेरिकेच्या नागरिकत्वाची परीक्षा देतेय. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज केलेल्यांना नवा पॅटर्न आहे. १२८ प्रश्नांची यादी, त्यातले २० तोंडी विचारणार, १२ बरोबर आले की पास. ताई अभ्यास करते आणि फोनवर मला उलटतपासणीला बसवते. ‘सिनेटर किती? काँग्रेसची सभागृहं किती? अमेरिकेतले दोन मोठे पक्ष कोणते?’

तिचे वडील, म्हणजे माझे मामा, तोरण्याच्या पायथ्याशी एका वाडीत राहतात. भातशेती, दोन म्हशी आणि ग्रामपंचायतीत एक टर्म सदस्य. लेक कसली परीक्षा देतेय ते त्यांना समजून घ्यायचं होतं. ते समजावायची जबाबदारी माझ्यावर. मास कॉमची डिग्री कधीतरी उपयोगी पडायचीच होती!

राजा नको, हे पहिलं कलम

वेल्ह्याच्या आधी भोर. कापूरहोळहून आत वळलं की नीरेच्या काठावरचं हे गाव लागतं. एसटी स्टँड, मेडिकल स्टोअर्स, भाजीवाल्या, आणि मधोमध पंतसचिवांचा राजवाडा. १८६९ साली बांधलेला. लाकडी खांब, चौक, कमानी... पहिल्यांदा आलात तरी ओळखीचा वाटेल, कारण तुम्ही तो कुठल्या ना कुठल्या सिनेमात किंवा सीरियलमध्ये पाहिलेलाच असतो.

या वाड्याची गोष्ट भारी आहे. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांपैकी सचिव हे एक पद. काम काय, तर हिशेब आणि कागदपत्रं तपासायची. आजच्या भाषेत ऑडिट. राजाराम महाराजांच्या काळात, १६९७ च्या सुमाराला, हे पद शंकराजी नारायण यांच्याकडे आलं. पुढे पद वंशपरंपरेनं चालत राहिलं आणि बघता बघता हिशेब तपासणाऱ्याचं संस्थान झालं. इंग्रजांच्या काळात भोरच्या राजाला ९ तोफांची सलामी होती! ८ मार्च १९४८ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि भोरची प्रजा नागरिक झाली.

ताईच्या यादीत एक प्रश्न आहे : देशाचा सर्वोच्च कायदा कोणता? उत्तर, राज्यघटना. अमेरिकेची घटना १७८७ साली लिहिली गेली, १७८९ पासून लागू झाली आणि आजवर तिच्यात फक्त २७ दुरुस्त्या झाल्या. आपली १९५० पासूनची, आणि शंभराहून जास्त दुरुस्त्या. पण भोरच्या चौकात उभं राहिलं की एक कलम फार जवळचं वाटतं. अमेरिकेचं सरकार कुणालाही सरदारकीची पदवी देऊ शकत नाही, हे त्यांच्या घटनेच्या पहिल्याच भागात लिहिलंय. आपल्या घटनेतही कलम १८ आहे, किताब बंद. संस्थानिकांचे तनखे १९७१ साली गेले. कारण उघड आहे. आज हिशेब तपासायला नेमलेला माणूस उद्या गादीवर बसू शकतो, हे दोन्ही देशांना अनुभवानं कळलेलं होतं.

म्हणून अमेरिकेनं सत्ता तीन ठिकाणी वाटली. कायदे करणार काँग्रेस, अंमल करणार राष्ट्राध्यक्ष, घटनेचा अर्थ लावणार न्यायालय. काँग्रेसनं पास केलेलं विधेयक राष्ट्राध्यक्ष परत पाठवू शकतो. काँग्रेस दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं जमवून तो नकार मोडू शकते. सुप्रीम कोर्टाचे ९ न्यायाधीश तो कायदाच रद्द करू शकतात. आणि न्यायाधीश नेमायचे राष्ट्राध्यक्षानं, मंजुरी मात्र सिनेटची. प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याचा कान!

पाणी वरचं, मतं खालची

भोरच्या अलीकडे भाटघरचं धरण आहे. वेळवंडी नदीवरचं, ब्रिटिशांनी बांधलेलं. तेव्हाचं नाव लॉईड डॅम, आताचं येसाजी कंक जलाशय. काठावर गाडी लावून चहा प्यायला मस्त जागा. चहा पिताना एवढंच लक्षात ठेवायचं, की या पाण्याखाली खोऱ्यातली शेतं आहेत, आणि पाणी नीरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांतून बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जातं. तिकडे ऊस उभा राहतो. इकडे धरणाच्या वरच्या वाड्यांमध्ये उन्हाळ्यात टँकरची वाट बघणं नवीन नाही. वेल्ह्यातलं पानशेत तर थेट आपल्या घरात पोचतं. तुमच्या किचनमधल्या नळाचा उगम शोधत निघालात, तर याच डोंगरात याल.

मग वरच्यांनी पाणी का मागून घेऊ नये? इथं गणित आडवं येतं. २०११ च्या जनगणनेत वेल्हे तालुक्याची लोकसंख्या जेमतेम ५४ हजार होती. एवढ्यावर स्वतःचा आमदार मिळत नाही. म्हणून विधानसभेला भोर, वेल्हे आणि मुळशी असे तीन तालुके मिळून एक मतदारसंघ. लोकसभेला तर बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदर, भोर आणि खडकवासला असे सहा विधानसभा मतदारसंघ एकत्र. म्हणजे तोरण्याच्या पायथ्याचं मत धायरीच्या सोसायट्यांच्या आणि बारामतीच्या उसाच्या फडांच्या मतांत मिसळतं. डोकी मोजून सत्ता वाटायची म्हटलं, की डोंगर नेहमीच कमी पडतो.

अमेरिकेपुढे १७८७ मध्ये हाच पेच होता. मोठी राज्यं म्हणाली, लोकसंख्येप्रमाणे जागा द्या. छोटी म्हणाली, मग आमचं कोण ऐकणार? शेवटी त्यांनी दोन सभागृहं केली. हाऊस ऑफ रिप्रेझेंटेटिव्हजमध्ये लोकसंख्येप्रमाणे एकूण ४३५ जागा. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोनच, ५० राज्यांचे १००. कॅलिफोर्नियाची लोकसंख्या २०२० च्या मोजणीत जवळपास चार कोटी, वायोमिंगची सहा लाखांहूनही कमी. हाऊसमध्ये कॅलिफोर्नियाचे ५२ आणि वायोमिंगचा एकच सदस्य. सिनेटमध्ये दोघांचेही दोन-दोन! आपल्या राज्यसभेत तसं नाही. तिथंही उत्तर प्रदेशाला ३१ जागा आणि सिक्कीमला एक.

हे मी मामांना सांगितलं तेव्हा ते चुलीपुढं बसले होते. क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, ‘म्हंजे वेल्ह्याला दोन आन् बारामतीलाबी दोनच? आसं आसतं तर भाटघरच्या दाराची चावी कुणाकडं ऱ्हायली आसती गं?’

मामी मागून म्हणाल्या, ‘आन् मग बारामतीवाले म्हनले आसते, आमी एवढी मान्सं, आमचं मत का हलकं?’

सिनेटवरचा सव्वादोनशेहून जास्त वर्षांचा वाद दोन वाक्यांत संपला. हाच वाद राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीतही शिरतो. तिथं प्रत्येक राज्याला हाऊस आणि सिनेट मिळून जेवढे सदस्य, तेवढे इलेक्टर. राजधानी वॉशिंग्टनचे ३ धरून एकूण ५३८, जिंकायला २७०. त्यामुळे देशभरात जास्त मतं मिळवूनही माणूस हरू शकतो. २००० साली अल गोर आणि २०१६ साली हिलरी क्लिंटन असेच हरले.

सरपंच थेट, की सदस्यांमधून?

नसरापूरहून मार्गासनीमार्गे वेल्ह्याकडे निघालं की डावीकडे राजगड आणि समोर तोरणा. ढग बाजूला झाले तर! तोरणा १,४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. राजगड तर पंचवीसेक वर्षं स्वराज्याची राजधानी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे १२ किल्ले गेले, त्यात तोही आहे. तालुक्याचं नाव ‘राजगड’ करायला राज्य मंत्रिमंडळानं मार्च २०२४ मध्ये मान्यता दिली. लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच.

आता गंमत बघा. अमेरिकेची अध्यक्षीय पद्धत आणि आपली संसदीय पद्धत यांतला फरक कॉलेजात दोन लेक्चर्स घेऊन शिकवतात. ग्रामपंचायतीत तो लोकांनी पाच वर्षांत तीनदा जगून पाहिलाय. पूर्वी गावकरी सदस्य निवडायचे आणि सदस्य आपल्यातून सरपंच निवडायचे. खासदारांच्या बहुमतावर पंतप्रधान होतो तसं. २०१७ मध्ये राज्यानं सरपंच थेट लोकांतून निवडायचं ठरवलं. २०२० मध्ये पुन्हा सदस्यांमधून. २०२२ मध्ये पुन्हा थेट!

मामांचं मत स्पष्ट होतं. ‘मेंबरांतनं सरपंच आसला की दोन मेंबर फुटले, गेला. थेट आसला की लवकर हालत न्हाई. पन सरपंच एका पॅनलचा आन् मेंबर दुसऱ्या पॅनलचे निघाले, की संपलं. ह्यो म्हनतो रस्ता, त्ये म्हनत्यात गटार. आन् पैसा पडून.’

अगदी हेच वॉशिंग्टनमध्ये होतं. राष्ट्राध्यक्ष ४ वर्षांसाठी, हाऊस २ वर्षांसाठी, सिनेटर ६ वर्षांसाठी. तिघांचं निवडून येणं वेगळं, त्यामुळे तिघं एका पक्षाचे असतीलच असं नाही. शिवाय सिनेटमध्ये बहुतेक विधेयकं पुढे सरकायला १०० पैकी ६० मतं लागतात, म्हणजे नुसतं बहुमत असूनही भागत नाही. खर्चाचं विधेयक अडलं की सरकारी ऑफिसं बंद. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ही टाळेबंदी ४३ दिवस चालली, तोपर्यंतची सर्वांत लांब. आपल्याकडे लोकसभेत बजेट पडलं तर सरकारच पडतं. तिथं सरकार पडत नाही, नुसतं थांबतं.

आणि काढायचं झालं तर? थेट निवडलेल्या सरपंचावर सदस्यांनी अविश्वास आणला, तरी तो ग्रामसभेपुढे गुप्त मतदानाला जातो. राष्ट्राध्यक्षावर हाऊस साध्या बहुमतानं आरोप ठेवू शकतं, पण त्याला घालवायला सिनेटमध्ये दोन-तृतीयांश मतं लागतात. आजवर एकही राष्ट्राध्यक्ष असा गेलेला नाही.

एका बाबतीत मात्र अमेरिकेचा हेवा वाटला. तिथं निवडणुकीची तारीख कुणाच्या मर्जीवर नाही. नोव्हेंबरमधल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार, हे १८४५ च्या कायद्यानं ठरलेलं. १८६४ मध्ये यादवी युद्ध पेटलेलं होतं तरी मतदान झालं. आपल्या पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ कारभार प्रशासकाच्या हातात राहिला. ज्या महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आहेत, तिथं! वेल्ह्याच्या एखाद्या वाडीचा साकव वाहून गेला, तर मामांनी त्या काळात कुणाच्या दारात जायचं होतं?

हत्ती, गाढव, घड्याळ, तुतारी

‘पक्ष दोनच?’ मामींचा या प्रश्नावर विश्वासच बसेना. तिथं छोटे पक्ष आहेत, पण निवडून येण्याच्या शर्यतीत डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन हेच दोन. गाढव डेमोक्रॅट्सचं, हत्ती रिपब्लिकनांचा. १८७० च्या दशकात थॉमस नास्ट नावाच्या व्यंगचित्रकारानं ही चित्रं लोकप्रिय केली. आपल्याकडे चिन्हाचं महत्त्व वेगळंच. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हतं, म्हणून चिन्हं आली आणि कायमची राहिली. फक्त ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह चालत नाही. तिथं कपबशी आणि छत्रीखाली पॅनल लढतात. कोण कुणाचा, ते सगळ्या गावाला ठाऊक असतंच.

खरा फरक तिकिटाचा आहे. तिथं पक्षाचा उमेदवार आधी प्रायमरीत ठरतो, म्हणजे साधे मतदार मत देऊन आपल्या पक्षाचा उमेदवार निवडतात. आपल्याकडे शेवटच्या रात्रीपर्यंत एबी फॉर्म कुणाच्या खिशात आहे, याचीच चर्चा! दुसरा फरक पक्षशिस्तीचा. अमेरिकन सिनेटर स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत देऊ शकतो, त्याचं पद जात नाही. आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. तरीही २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. त्यामुळे २०२४ च्या लोकसभेला वेल्ह्याच्या मतदारांपुढे एकाच घरातली दोन बटणं आली. सुनेत्रा पवारांचं घड्याळ आणि सुप्रिया सुळेंची तुतारी. सुळे जिंकल्या. त्याच वर्षी विधानसभेला भोरमध्ये घड्याळ चाललं. शंकर मांडेकर निवडून आले, सलग तीनदा आमदार राहिलेले काँग्रेसचे संग्राम थोपटे हरले आणि २०२५ मध्ये भाजपमध्ये गेले.

फाटाफुटीची ही परंपरा इथं नवी नाही. भोरच्या पुढे आंबवड्याला जा. संस्थानी काळातला झुलता पूल आहे, नागेश्वराचं देऊळ आहे, आणि त्याच शंकराजी नारायणांची समाधी आहे. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि स्वराज्याचे दोन तट पडले. शंकराजींनी ताराराणींकडे निष्ठेची शपथ घेतलेली. शाहूंविरुद्ध शस्त्र धरवेना आणि शपथही मोडवेना. म्हणून त्यांनी जीव दिला, अशी इथली परंपरा सांगते.

शपथ आणि सातबारा

शपथेवरून आठवलं. १२ उत्तरं बरोबर आली की ताईचं काम संपत नाही. शेवटी शपथ असते. आजवर ज्या परक्या राजाची किंवा राज्याची निष्ठा होती ती पूर्णपणे सोडतो, असं मोठ्यानं म्हणायचं. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं, की भारताचं त्याच क्षणी जातं. मग पासपोर्ट परत करायचा आणि ओसीआय कार्ड घ्यायचं. कार्डावर आयुष्यभर ये-जा करता येते. मत देता येत नाही. निवडणूक लढवता येत नाही. वडिलांची भातखाचरं वारसानं मिळतील, पण शेजारचा अर्धा एकर विकायला निघाला तर तो घेता येत नाही.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून कपाटातून मतदार यादीची जुनी झेरॉक्स काढली. ताईच्या नावावर बोट ठेवलं.

‘हे खोडनार?’

‘हो मामा. शपथ घेतली की.’

‘आन् तिकडच्या यादीत लिवनार?’

‘लिहितील. तिथं तिला महापौरही थेट निवडता येईल.’ एडिसनचा महापौर लोकांतूनच निवडला जातो. आणि गंमत म्हणजे न्यू जर्सीत काउंटीच्या, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्याच्या, सदस्याला २०२० पर्यंत ‘फ्रीहोल्डर’ म्हणायचे. अर्थ, जमीनधारक. ज्याचा सातबारा त्याचीच सत्ता, या काळातला शब्द. २०२१ पासून तो बदलून ‘कमिशनर’ केला.

मामा म्हणाले, ‘बारा वर्सं तिकडं कर भरती. आजून एकदाबी मत न्हाई. हितं नाव हाय, पन मत द्याया येती कुठं? कुठंतरी तिचं मत पडाया पायजे ना पोरी.’

मामी काहीच बोलल्या नाहीत. ताटात भात वाढत राहिल्या. आंबेमोहोर होता, घरचा.

मला वाटतं, प्रश्न फक्त ताईचा नाहीये. पुण्यात फ्लॅट, गावाकडे मतदान कार्ड, आणि मतदानाच्या दिवशी जोडून सुट्टी आली की गोवा, असे आपल्यात किती जण आहेत? ताईला निदान १२८ प्रश्न वाचावे लागतायत. तुम्हाला तुमच्या जिल्हा परिषद सदस्याचं, नाहीतर नगरसेवकाचं नाव सांगता येईल? वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, हे माहिती होतं? वेल्ह्यात वीकएंड होमचा प्लॉट बघायला जाता, तेव्हा त्या डोंगरउताराचा, तिथल्या झऱ्याचा, रस्त्याचा प्रश्न ज्या सभेत येतो, ती हीच. प्लॉटचा रेट विचाराल तेव्हा पुढच्या ग्रामसभेची तारीखही विचारा.

जायचं असेल तर...

कसं जाल : स्वारगेटहून भोर आणि वेल्हे दोन्हीकडे एसटी आहे. स्वतःची गाडी असेल तर सातारा रस्त्यानं भोरसाठी कापूरहोळला आणि वेल्ह्यासाठी नसरापूरला वळा. पुण्यापासून दोन्ही ठिकाणं साधारण ५० ते ६० किलोमीटर.

काय पाहाल : भोरचा राजवाडा (आत शूटिंग आहे का, आधी चौकशी करा), भाटघर, आंबवडे, नसरापूरजवळचं बनेश्वर. पाय साथ देत असतील तर राजगड किंवा तोरणा. पावसात कडे निसरडे असतात, स्थानिक माणूस सोबत घ्या.

काय खाल : पिठलं-भाकरी, ठेचा आणि घरचं ताक. शक्यतो गावातल्या घरी सांगून जेवा. पैसे गावात राहतात आणि गप्पा फुकट मिळतात.

काय टाळाल : पावसाळ्यात भोरहून वरंध घाटानं महाडला उतरायचा बेत. दरडींमुळे घाट बऱ्याचदा वाहतुकीला बंद असतो. आणि धरणाच्या पाण्यात उतरणं तर नकोच.

काय विचाराल : चहाच्या टपरीवर बसलात की एवढंच, ‘सरपंच थेट बरा, का मेंबरांतनं?’ दुसरा चहा तुम्हाला मागवावा लागणार नाही.